हेन्री बेअर यांचे धनाग्र: टायटॅनियमचा ऑक्साइड वीज अडवतो, मग त्यावरचा ऑक्साइडचा थर वीज कशी नेतो?

धातुविद्यार्थी यांचा प्रश्न:

नमस्कार. मी विद्युतरसायनाचा विद्यार्थी असून सध्या क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या विद्युत अपघटन कोशांतील (सेलमधील) धनाग्रांचा (अ‍ॅनोडचा) अभ्यास करत आहे. संशोधक हेन्री बेअर यांच्या १९६५ आणि १९६७ सालच्या पेटंटांमुळे या उद्योगातील ग्रॅफाइटची जागा ऑक्साइडचा लेप दिलेल्या टायटॅनियमने घेतली, एवढे पुस्तकांत एका परिच्छेदात सांगितलेले असते. त्या परिच्छेदापुढे गेले की माझा गोंधळ सुरू होतो.

टायटॅनियम क्लोरीनने संपृक्त झालेल्या गरम मिठाच्या पाण्यातही टिकतो, कारण त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. पण धनाग्र म्हणून जोडल्यावर हाच पापुद्रा वीज अडवतो. म्हणजे ज्या गुणामुळे धातू टिकतो त्याच गुणामुळे तो धनाग्र म्हणून निरुपयोगी ठरतो. यावर बेअर यांनी रुथेनियम डायऑक्साइडचा लेप दिला, इथपर्यंत समजते. परंतु प्रचलित लेपात रुथेनियम डायऑक्साइड सुमारे ३० मोल टक्केच असतो आणि उरलेले ७० टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असते, म्हणजे ज्याची अडचण होती तोच पदार्थ त्यात दुपटीहून अधिक घातलेला असतो. हे का?

दुसरी शंका अशी की सूक्ष्मदर्शकाखाली हा लेप पाणी आटलेल्या तळ्यातील चिखलासारखा भेगाळलेला दिसतो. लेपाला भेग पडली की तिथून क्षरण सुरू होते, असे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवले जाते. मग सर्वत्र भेगा असलेला हा लेप कित्येक वर्षे कसा टिकतो? आणि टायटॅनियमवर प्लॅटिनमचा मुलामा देण्याची पद्धत त्याआधीच माहीत होती, तर बेअर यांचे स्वतःचे असे योगदान नेमके कोणते मानावे? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

अपघटनकोश यांचे उत्तर:

तुमची भेगांविषयीची शंका मी आधी घेतो, कारण बेअर यांच्या कामाचे मर्म मला तिथेच दिसते. तिचा उलगडा झाला की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी आपोआप मिळतात.

नेहमीच्या संरक्षक लेपात खालचा धातू दुबळा असतो आणि वरचा लेप त्याचे रक्षण करतो. तांब्याच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा देऊन ती धनाग्र म्हणून मिठाच्या पाण्यात सोडली, तर मुलाम्यातील सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातूनही तांबे विरघळू लागते, छिद्र आतून पोखरत रुंदावते आणि थोड्याच वेळात सोन्याचा पापुद्रा आधाराविना सुटून येतो. म्हणून तिथे लेप निर्दोष असणे हा जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. टायटॅनियमच्या बाबतीत मात्र भेगेच्या तळाशी उघड्या पडलेल्या धातूवर तत्काळ ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि तेवढ्या जागेपुरता विद्युतप्रवाह थांबतो. प्रवाह आजूबाजूच्या लेपातून जात राहतो, भेगेतील धातू शाबूत राहतो. मिठाच्या पाण्यात हा पापुद्रा साधारण ८ ते १० व्होल्टपर्यंत तग धरतो आणि क्लोरीनच्या कोशाला एकूण ३ ते ४ व्होल्ट लागतात, त्यामुळे पुरेशी सुरक्षित मर्यादा हाताशी राहते.

याचा अर्थ असा की या धनाग्रात लेपावर संरक्षणाची जबाबदारीच टाकलेली नाही. टिकून राहणे आणि स्वतःची जखम स्वतः भरून काढणे हे टायटॅनियमचे काम आहे. धातूतून आलेला प्रवाह द्रावणापर्यंत पोहोचवणे आणि क्लोराइड आयनांचे क्लोरीनमध्ये रूपांतर सुलभ करणे हे लेपाचे काम आहे. एकाच पदार्थाकडून क्षरणरोध आणि वाहकता या दोन्हींची अपेक्षा करत राहिल्यामुळे आधीचे बहुतेक प्रयत्न अडले होते. ग्रॅफाइट वाहक आहे पण झिजते, मॅग्नेटाइट हा लोहाचा ऑक्साइड टिकतो पण ठिसूळ असून त्याची वाहकता बेताची आहे, आणि प्लॅटिनम दोन्ही गोष्टी करतो पण अख्ख्या प्लॅटिनमच्या पत्र्यांनी एवढे मोठे कोश सजवणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही.

कामाची ही वाटणी प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमपासूनच सुरू झाली होती, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात बेअर यांनी त्यावर पेटंट घेतले आणि त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जे. बी. कॉटन हेही त्याच दिशेने काम करत होते. त्यामुळे टायटॅनियमला आधारधातू म्हणून निवडण्याचे श्रेय एकट्या बेअर यांना देता येणार नाही. परंतु प्लॅटिनमचा मुलामा क्लोरीनच्या कारखान्यात अपेक्षेइतका टिकला नाही. चालू कोशात तो हळूहळू झिजत असे, काही काळाने त्याच्या पृष्ठभागावर स्वतःचा ऑक्साइड धरून क्लोरीन निघण्यास लागणारा व्होल्टेज वाढत असे, आणि ज्यात पारा हेच ऋणाग्र असते त्या पाऱ्याच्या कोशात तर सोडियमच्या पारदमिश्रणाचा (सोडियम विरघळलेल्या पाऱ्याचा) स्पर्श झाला की मुलामा निघून जात असे. अपुऱ्या यशानंतर बहुतेक संशोधक अधिक टिकाऊ धातूच्या शोधात निघाले. प्लॅटिनम आणि इरिडियमचे मिश्रधातू हे त्याचेच उदाहरण.

बेअर धातूच्या वाटेवरून बाजूला झाले आणि १९६५ च्या पेटंटात त्यांनी प्लॅटिनम गटातील धातूंच्या ऑक्साइडांचा लेप मांडला. ही कल्पना आज सोपी वाटते, पण त्या काळी धनाग्रावर ऑक्साइड धरणे म्हणजे धनाग्र बिघडणे, अशीच सर्वांची धारणा होती. रुथेनियम हा धातू म्हणून धनाग्रावर टिकत नाही, विरघळतो. मात्र त्याचा डायऑक्साइड हा आधीच ऑक्सिडीकरण झालेला पदार्थ असल्याने त्या परिस्थितीत त्याचे पुढे फारसे काही बिघडत नाही. शिवाय तो धातूसारखा वाहक आहे. त्याच्या स्फटिकाची रोधकता सामान्य तापमानाला सुमारे ३५ ते ४० मायक्रो-ओहम-सेंटिमीटर भरते, म्हणजे स्वतः टायटॅनियम धातूच्या रोधकतेच्या आसपास. भाजून तयार केलेल्या लेपाची रोधकता याहून पुष्कळ जास्त असते, पण लेप काही मायक्रोमीटरच जाड असल्याने त्यातून जाताना होणारी व्होल्टेजची घट नगण्य ठरते.

आता दोन्ही डायऑक्साइडांमधील फरक. टायटॅनियमच्या चतुर्भारित आयनात डी-कक्षेत एकही इलेक्ट्रॉन उरत नाही. त्याचा ऑक्साइड सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्टचे ऊर्जा-अंतर असलेला एन-प्रकारचा अर्धवाहक आहे. असा अर्धवाहक ऋणाग्र म्हणून जोडल्यास प्रवाह जाऊ देतो आणि धनाग्र म्हणून जोडल्यास अडवतो. याच एकदिश वागणुकीमुळे टायटॅनियम, टँटलम, नायोबियम यांना झडप-धातू म्हणतात. रुथेनियमच्या चतुर्भारित आयनात डी-कक्षेत ४ इलेक्ट्रॉन असतात, त्यांचा ऊर्जापट्टा अर्धवट भरलेला राहतो आणि म्हणून तो ऑक्साइड धातूसारखा वागतो. पण दोघांचीही स्फटिकरचना एकच, टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या खनिजाची. आयनांच्या त्रिज्या ०.६०५ आणि ०.६२ अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ सारख्या. इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत परस्परविरुद्ध आणि रचनेच्या बाबतीत सख्खे, असे हे दोन ऑक्साइड आहेत आणि बेअर यांच्या १९६७ च्या पेटंटाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा आहे.

नुसता रुथेनियम डायऑक्साइड लावला तर तो चांगले काम करतो, पण टायटॅनियमवर त्याची पकड हवी तशी राहत नाही आणि तो लवकर झिजतो. टायटॅनियम डायऑक्साइड मिसळला की लेप आणि आधारधातूचा पापुद्रा एकाच घराण्यातले होतात, एकमेकांत रुजतात. त्यातला ७० टक्के भाग वाहकतेसाठी घातलेलाच नाही. पकड, कठीणपणा आणि रासायनिक स्थैर्य यांसाठी तो आहे. वीज वाहून नेण्यासाठी रुथेनियमयुक्त कणांची एकमेकांना जोडलेली अखंड वाट लेपात शिल्लक असली की पुरते. रुथेनियम डायऑक्साइडचे प्रमाण साधारण २० टक्क्यांच्या खाली गेले की ही वाट तुटू लागते आणि वाहकता झपाट्याने ढासळते. ३० टक्क्यांच्या आसपास ती निश्चिंतपणे टिकते. महागडा धातू कमी लागतो हा फायदाही मोठाच, पण टायटॅनियम डायऑक्साइड मिसळणे हा एवढ्या एका कारणासाठी पत्करलेला तोटा नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून बेअर यांचे योगदान मी असे मानतो: क्षरणरोधक वाहक शोधताना ऑक्साइड टाळायचा असतो हा समज त्यांनी मोडला आणि संरक्षण करणाऱ्या ऑक्साइडच्याच कुळातला वाहक ऑक्साइड त्याच्याशी जोडून दिला.

सेल_देखभाल यांचे उत्तर:

वरील विवेचनात सिद्धान्ताची बाजू पूर्ण आली आहे. मी अ‍ॅनोडची देखभाल आणि पुन्हा कोटिंग करण्याच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, तेव्हा हे सगळे प्रत्यक्षात कसे घडते ते लिहितो. पुस्तकात एका ओळीत येणारी कृती किती काटेकोर आहे हे त्यातून कळेल.

पहिली पायरी टायटॅनियमची जाळी किंवा पत्रा खडबडीत करण्याची. वाळूचा मारा केल्यावर तो गरम हायड्रोक्लोरिक किंवा ऑक्झॅलिक आम्लात ठेवतात. हायड्रोक्लोरिक आम्लात धातू विरघळू लागला की द्रावणावर जांभळट छटा चढते. ती त्रिभारित टायटॅनियमची. छटा दिसली नाही तर समजावे की जुना ऑक्साइड अजून निघालेला नाही. बाहेर काढलेला पत्रा चकचकीत दिसता कामा नये, त्यावर एकसारखी करडी, निस्तेज कळा आली पाहिजे. इथे घाई केली तर पुढचे सगळे श्रम वाया जातात, कारण कोटिंगची पकड या खडबडीतपणावरच अवलंबून असते.

त्यानंतर रुथेनियम क्लोराइड आणि टायटॅनियमचे एखादे सेंद्रिय संयुग, बहुधा ब्युटिल टायटॅनेट, अल्कोहोलमध्ये थोड्या हायड्रोक्लोरिक आम्लासह विरघळवून तो गडद तपकिरी द्रव ब्रशने किंवा फवारून पातळ लावतात. प्रत्येक हात आधी मंद आचेवर वाळवायचा, मग भट्टीत ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास सुमारे १० मिनिटे भाजायचा, बाहेर काढून गार करायचा आणि पुढचा हात द्यायचा. असे अनेक हात झाल्यावर शेवटी तासभर भाजणी. एकदम जाड थर लावून काम उरकण्याचा मोह आवरावा लागतो, कारण जाड थर भाजताना फुगतो आणि बोट फिरवले तरी काळी भुकटी सुटते. व्यवस्थित भाजलेला थर निळसर काळा, मॅट दिसतो आणि चिकटपट्टी लावून ओढली तरी पट्टीवर डाग उमटत नाही.

तापमानाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या कामाचा कस तिथेच लागतो. भट्टी ४०० अंशांच्या बरीच खाली राहिली तर क्लोराइड पूर्णपणे निघून जात नाही आणि ऑक्साइड अर्धवट बनतो. असा थर सुरुवातीला फार तडफदार काम करतो, पण लवकर झिजतो. ५०० अंशांच्या वर गेले की कोटिंगमधील कण मोठे होऊन कामाचे पृष्ठफळ घटते आणि त्याहून वाईट म्हणजे भेगांमधून शिरलेल्या हवेमुळे खालचा टायटॅनियम आतून ऑक्सिडाइझ होऊ लागतो. ज्या भेगा कोशात निरुपद्रवी आहेत त्याच भट्टीत घातक ठरू शकतात. म्हणून मी नव्या सहकाऱ्यांना सांगत असे की भट्टीच्या काट्यावर विसंबू नका, पत्र्याला चिकटवलेल्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीवर) विसंबा.

आता या शोधामुळे कारखान्यात काय बदलले ते पाहू. ग्रॅफाइटच्या अ‍ॅनोडवर क्लोरीनबरोबर थोडा ऑक्सिजनही निघतो आणि तो ग्रॅफाइटला जाळून कार्बन डायऑक्साइड बनवतो. त्यामुळे दर टन क्लोरीनमागे काही किलो ग्रॅफाइट संपते, अ‍ॅनोड आणि कॅथोड यांच्यातील अंतर रोज थोडे थोडे वाढत जाते आणि त्या वाढलेल्या अंतरातील मिठाच्या पाण्याचा रोध वीज खाऊ लागतो. पाऱ्याच्या सेलमध्ये माणसांना अ‍ॅनोड वारंवार खाली सरकवून हे अंतर राखावे लागे. अ‍ॅनोड आणि कॅथोड यांच्यामध्ये सच्छिद्र पडदा असलेल्या डायफ्रॅमच्या सेलमध्ये तर ते सरकवण्याची सोयच नव्हती, आणि ग्रॅफाइटचा चुरा डायफ्रॅममध्ये अडकून त्याचेही आयुष्य घटत असे. ऑक्साइडच्या कोटिंगचा अ‍ॅनोड कित्येक वर्षांनीही मापाला तसाच राहतो. डायमेन्शनली स्टेबल अ‍ॅनोड किंवा डीएसए या नावाने तो ओळखला जातो तो यामुळेच.

विजेचा हिशेब स्वतः करून पाहण्यासारखा आहे. फॅरडेच्या नियमानुसार एक टन क्लोरीनसाठी सुमारे ७ लाख ५६ हजार अँपिअर-तास प्रवाह लागतो. त्यामुळे सेलचा व्होल्टेज ०.१ व्होल्टने जरी उतरला तरी दर टनामागे सुमारे ७६ किलोवॅट-तास वाचतात. ग्रॅफाइटवरून डीएसएवर येताना क्लोरीन निघण्याचा अतिरिक्त व्होल्टेज कमी होतो, अंतर कमी ठेवता येते आणि जाळीच्या छिद्रांतून वायूचे बुडबुडे मागच्या बाजूने निसटतात. या तिन्हींची बेरीज ०.१ व्होल्टहून पुष्कळ जास्त भरते. रोज शेकडो टन क्लोरीन काढणाऱ्या कारखान्याने बेअर यांचे पेटंट का उचलून धरले असेल, ते एवढ्या आकडेमोडीवरून स्पष्ट व्हावे. इटलीतील दे नोरा यांच्या उद्योगसमूहाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस हे काम प्रयोगशाळेतून कारखान्यात आणले आणि पुढच्या दशकात ते जगभर पसरले. १९७५ च्या सुमारास सुरू झालेले आयन-विनिमय पटलाचे, म्हणजे निवडक आयनच जाऊ देणाऱ्या पातळ पडद्याचे, सेल तर मापाला स्थिर अ‍ॅनोडशिवाय उभेच राहिले नसते, कारण त्यांत अ‍ॅनोड पटलाला जवळजवळ टेकवून ठेवायचा असतो आणि झिजणाऱ्या ग्रॅफाइटला ते जमणे शक्य नव्हते.

धातुविद्यार्थी:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. भेगांचा उलगडा झाला आणि मिश्रणाचेही कारण समजले. आता त्यापुढची शंका: लेप झिजत नाही, आधारधातू गंजत नाही, तर मग हे धनाग्र अखेर बाद का होते? आणि हेच तत्त्व ऑक्सिजन निघणाऱ्या कोशांत किंवा ॲल्युमिनियमच्या उद्योगात, जिथे कार्बनची धनाग्रे आजही जाळली जातात, तिथे का वापरले जात नाही?

रुटाइल यांचे उत्तर:

आधी वरील चर्चेतील एका मुद्द्यावर थोडी भर. बेअर यांनी १९६७ च्या पेटंटात मिश्र स्फटिकांची भाषा वापरली आहे आणि भाजणीच्या तापमानाला तयार होणारा लेप बऱ्याच अंशी तसा असतोही. पण टायटॅनियम आणि रुथेनियमचे डायऑक्साइड समतोलावस्थेत एकमेकांत फारसे विरघळत नाहीत. रचना एक असली तरी स्फटिकाच्या एका दिशेत रुथेनियमचा ऑक्साइड आखूड आहे (४.४९ विरुद्ध ४.५९ अँगस्ट्रॉम) आणि दुसऱ्या दिशेत लांब (३.११ विरुद्ध २.९६). त्यामुळे जास्त तापवल्यास किंवा भाजणी लांबवल्यास दोघे वेगळे होऊ पाहतात. कमी तापमानाला, झटपट, अनेक पातळ थरांत केलेली भाजणी हे मिश्रण जणू गोठवून ठेवते. वर थर्मोकपलविषयी जो आग्रह आला आहे त्यामागे हेही एक कारण आहे. त्यामुळे बेअर यांच्या दाव्याचे महत्त्व मला कमी वाटत नाही. उलट, कोणत्या तापमानाला कोणते पदार्थ एकमेकांत किती मिसळतात हे दाखवणाऱ्या ज्या समतोलाच्या आकृतीकडे पाहून कुणी हे मिश्रण करून पाहण्याचे टाळले असते, ती बाजूला ठेवून त्यांनी प्रत्यक्ष पत्र्यावर प्रयोग केला, हे मला फार मोलाचे वाटते. रुथेनियम डायऑक्साइडच्या विद्युतरासायनिक गुणांचा पायाभूत अभ्यास ट्रासाटी आणि बुझांका यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला, तोवर कारखान्यांत ही धनाग्रे चालू झालेली होती. त्याच अभ्यासाच्या ओघात पुढे या ऑक्साइडच्या विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेकडे लक्ष गेले आणि त्यावर आधारित महाधारित्रांचे (सुपरकपॅसिटरचे) संशोधन सुरू झाले, पण तो निराळा विषय.

आता धनाग्र बाद होण्याविषयी. लेप अजिबात झिजत नाही हे पूर्णतः खरे नाही. क्लोरीनबरोबर थोडा ऑक्सिजन इथेही निघतोच आणि ऑक्सिजन निघण्याच्या प्रक्रियेत रुथेनियम डायऑक्साइडचा काही अंश रुथेनियम टेट्रॉक्साइडमध्ये बदलतो, जो बाष्पनशील आणि विद्राव्य आहे. पृष्ठभागाजवळील रुथेनियम असा कमी होत जातो आणि मागे टायटॅनियम डायऑक्साइडने समृद्ध, वीज न नेणारा थर उरतो. हा मृत्यूचा पहिला मार्ग. दुसरा मार्ग अधिक छुपा आहे. लेप आणि आधारधातू यांच्या सीमेवर टायटॅनियमचा पापुद्रा हळूहळू जाड होत जातो. वरून पाहिले तर लेप जागच्या जागी आणि काळाभोर असतो, क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजले तर रुथेनियमही बरेच शिल्लक आढळते, तरीही कोशाचा व्होल्टेज चढलेला असतो, कारण वीज लेपापर्यंत पोहोचतच नाही. भेगेच्या तळाशी धातूला वाचवणारा पापुद्राच लेपाच्या खाली पसरला की धनाग्र मरते. ज्या गुणावर सगळी रचना उभी आहे त्याचीच ही दुसरी बाजू असल्याने ती पूर्णपणे टाळता येत नाही, लांबवता मात्र येते.

आयुष्य लवकर तपासण्यासाठी प्रयोगशाळेत सल्फ्युरिक आम्लात मुद्दाम जास्त प्रवाहघनतेवर (पृष्ठभागाच्या दर एककामागे जास्त प्रवाह सोडून) ऑक्सिजन काढतात आणि व्होल्टेजचा आलेख पाहतात. आलेख बराच काळ जवळजवळ सपाट राहतो आणि मग अचानक उसळी मारतो. ही उसळी म्हणजे वहनाची वाट तुटल्याची खूण. ऑक्सिजनच्या कोशांत रुथेनियमचा लेप का चालत नाही, ते याच चाचणीत दिसते: तो फार लवकर उसळी मारतो. तिथे इरिडियम डायऑक्साइड आणि टँटलम पेंटॉक्साइड यांचे मिश्रण वापरतात. इरिडियमचा ऑक्साइड क्लोरीन-कोशाच्या दृष्टीने थोडा कमी तत्पर आणि दुर्मीळ आहे, पण ऑक्सिजनसमोर कितीतरी अधिक टिकतो. पोलादावर जस्ताचा विद्युतमुलामा देणारे कारखाने आणि काँक्रीटमधील सळ्यांचे ऋणाग्री संरक्षण (सळ्या ऋणाग्र म्हणून जोडून त्यांना गंजण्यापासून वाचवणे) या दोन ठिकाणी हेच लेप दिलेले टायटॅनियम वापरले जाते. म्हणजे बेअर यांचे तत्त्व तिथे लागू पडलेच आहे, फक्त ऑक्साइडांची जोडी बदलली.

काही परिस्थितींत मात्र हे धनाग्र अजिबात वापरू नये. द्रावणात फ्लोराइड असेल तर तो टायटॅनियमच्या पापुद्र्यालाच विरघळवतो. ध्रुव उलटे जोडले गेले, तर टायटॅनियम हायड्रोजन शोषून हायड्राइड बनवतो, ठिसूळ होतो आणि लेपाचा ऑक्साइडही क्षपित होऊन त्याची पकड सुटते. पटलाला छिद्र पडून कॉस्टिकचे द्रावण धनाग्रावर झिरपू लागले तरी लेप त्या जागी वेगाने खराब होतो.

सेल_देखभाल यांचे उत्तर:

शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. बंद केलेल्या सेलमध्ये उलटा प्रवाह वाहू नये म्हणून घेतलेली काळजी ही कोटिंगच्या दर्जाइतकीच महत्त्वाची आहे. मी पाहिलेल्या अकाली बाद झालेल्या अ‍ॅनोडांमध्ये बंद-चालू करतानाच्या चुकांचा वाटा मोठा होता. आणि एक गोष्ट राहून गेली होती: बाद झालेल्या अ‍ॅनोडचा टायटॅनियम बहुधा चांगलाच असतो. जुने कोटिंग काढून, पुन्हा आम्लात खडबडीत करून तोच सांगाडा नव्या थरासाठी वापरतात. महागडा सांगाडा पिढ्यानपिढ्या आणि पातळ थर तेवढा बदलता, अशी ही व्यवस्था आहे.

अपघटनकोश यांचे उत्तर:

ॲल्युमिनियमविषयीच्या प्रश्नाला मी उत्तर देतो. तिथे विद्युत अपघटन पाण्यात होत नाही. सुमारे ९६० अंश सेल्सिअसला वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये होते. क्रायोलाइट हा फ्लोराइड आहे आणि त्याला या उद्योगात स्थान मिळाले ते ऑक्साइड विरघळवण्याच्या त्याच्या क्षमतेमुळेच, कारण ॲल्युमिना हाही ऑक्साइडच. जो द्रव ॲल्युमिना विरघळवतो तो टायटॅनियमचा पापुद्राही विरघळवतो आणि धनाग्रावर लावलेला बहुतेक कोणताही ऑक्साइड कमीअधिक प्रमाणात विरघळवतो. शिवाय विरघळलेला धातू थेट ॲल्युमिनियममध्ये उतरून ते अशुद्ध करतो. म्हणजे बेअर यांच्या रचनेतील पहिली अट, आधारधातूने स्वतःला सांभाळण्याची, तिथे पूर्ण होत नाही. निकेल फेराइटसारखे ऑक्साइड आणि धातू यांचे एकजीव मिश्रण, किंवा निकेल-लोहाचे मिश्रधातू ज्यांवर चालू कोशात वाहक ऑक्साइड सतत नव्याने धरत राहील, अशा दिशांनी अनेक दशके प्रयत्न चालू आहेत. क्लोरीनच्या कामातून नाव मिळवलेल्या विट्टोरिओ दे नोरा यांनीही उत्तरायुष्यात या प्रश्नाला वाहून घेतले होते. मिश्रधातूंच्या या दुसऱ्या दिशेत विरघळणारा थर आतून तितक्याच गतीने भरून काढावा लागतो. तुमच्या अभ्यासाला पुढचा विषय हवा असेल, तर नव्या थराची वाढ आणि त्याचे विरघळणे या दोन गती एका विशिष्ट जाडीला समान का होतात आणि तापमान थोडे बदलले की ती जाडी कशी सरकते, तिथून सुरुवात करा. गणित फार अवघड नाही आणि प्रयोगांचे निष्कर्ष त्याच्याशी ताडून पाहता येतात.